‘वर्ग नियंत्रण नाही’ असा शेरा मिळालेल्या छात्राध्यापिकेला

आदरणीय मॅडम,

मी नागपुरात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, सुरू आहे. सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुलं-मुली आहेत. पहिले दोन आठवडे ‘नवीन मॅडम’ म्हणून सगळी ऐकत होती. आता कोणी ऐकत नाही. ‘शांत बसा’ म्हटलं की अर्धा मिनिट गप्प होतात, मग पुन्हा सुरू. माझा घसा बसलाय. वर्गशिक्षिका नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी सगळे चिडीचूप. त्यांनी मला लाकडी पट्टी दिली आणि म्हणाल्या, “दोघांना दे, बाकीचे आपोआप बसतात.” मी ती टेबलावर ठेवली, वापरली नाही.

मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक काढतात त्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला आल्या. घटक होता उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण. पाच दिवस पाठाच्या टाचणावर (लेखी नियोजनावर) बसले होते, तक्ते केले होते. मी फळ्याकडे वळून लिहीत असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, “घेऊन जाय गे मारबत!” अख्खा वर्ग हसायला लागला. हा मुलगा नेहमीच असं करतो, माझ्या चालण्याचीही नक्कल करतो. माझे हात थरथरत होते. पाठ कसाबसा संपवला. शेरा मिळाला, “आशयज्ञान उत्तम. वर्ग नियंत्रण नाही.”

एकच तास बरा झाला होता, तोही चुकून. त्या दिवशी तक्ता घरी राहिला, म्हणून मी सहज विचारलं की पावसाळ्यात कूलर गार हवा का देत नाही. मुलं इतकी बोलायला लागली की टाचण बाजूलाच राहिलं. गोंगाटही खूप झाला. दैनंदिनीत मी ‘नियोजनाप्रमाणे पाठ झाला नाही’ असं लिहिलं.

रात्री झोप येत नाही. मी या कामासाठी नाहीच का? सोबत दोन टाचणांचे फोटो पाठवते आहे.

एक छात्राध्यापिका, नागपूर

*

प्रिय मुली,

तुझ्या टाचणांचे फोटो मोठे करून वाचले. अक्षर सुंदर आहे, आशयात एकही चूक नाही. पण माझी नजर गेली ती ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यावर. मारबतीच्या दुसऱ्या दिवशीच्या टाचणात तिथं सात वेळा लिहिलंय, “विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.” दोनदा, “विद्यार्थी तक्त्याचे निरीक्षण करतात.” एकदा, “विद्यार्थी वहीत लिहून घेतात.” शेजारचा ‘शिक्षक कृती’चा रकाना मात्र खचाखच भरलाय. शिक्षिका सांगते, दाखवते, स्पष्ट करते, विचारते, लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. ३५ मिनिटं एकटीला दम खायला उसंत नाही आणि ५२ जणांनी नुसतं बसून राहायचं. बारा वर्षांचं मूल इतका वेळ हात बांधून बसत नाही. बसलंच तर मला त्याची काळजी वाटते. हाताला काही दिलं नाही की ते आपलं काम आपण शोधतं. कोणी शेजाऱ्याचं कंपास उघडतं, कोणी पेनाचं झाकण वाजवतं, कोणी मारबत घेऊन जातं.

हा रकाना असा भरायची रीत तुझ्या आधीपासूनची आहे. वरच्या वर्गातल्या मुलींच्या फायली समोर ठेवून टाचणं लिहिली जातात आणि ‘लक्षपूर्वक ऐकतात’ हे वाक्य एका फायलीतून दुसरीत चालत येतं. मीही ते लिहिलंय. लिहिताना ते खरं होणार की नाही याचा विचार कधी केला नाही. तुझ्या शेऱ्याच्या मुळाशी मला हाच रकाना दिसतो, आणि तो तुझ्या हातातला आहे. म्हणून पत्राच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. तू या कामासाठी नाहीस असं तुझ्या पत्रात मला कुठेच सापडलं नाही.

आता त्या कूलरच्या तासाकडे ये. तू तो ‘चुकून बरा झाला’ म्हणून बाजूला टाकलास. मी तुझ्या जागी असते तर त्या तासाची मिनिटं मोजत बसले असते. तू एक प्रश्न टाकलास. त्याचं उत्तर पुस्तकात तयार नव्हतं, पण प्रत्येकाच्या घरी होतं. नागपुरात कूलर न पाहिलेलं मूल शोधूनही सापडायचं नाही. एप्रिलमध्ये कूलरच्या कडेच्या गवती ताट्या बदलणं, टाकीत पाणी भरणं, मोटार सुरू झाली की नाही हे वाकून बघणं ही कामं घरोघरी पोरांच्याच अंगावर असतात. म्हणजे या विषयात ते तुझ्याइतकेच जाणकार होते. कोणी म्हणालं असेल, “मॅडम, पावसाळ्यात कूलर लावला तं सगळं चिपचिप होते.” कोणी म्हणालं असेल, “आमच्या घरी तं बाबा नुसता पंखा सुरू ठेवतात, पाणी बंद करतात.” या दोन वाक्यांत सगळं विज्ञान आलं. मे महिन्यातली आपली हवा कोरडी ठणठणीत, ताट्यांतलं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. ऑगस्टमध्ये हवेत आधीच भरपूर बाष्प, पाणी सावकाश उडतं, गारवा येत नाही आणि अंग मात्र चिकट होतं. घरी पाणी बंद करणाऱ्या त्या बाबांना हे सूत्र ठाऊक नसेल, पण त्यांची कृती अचूक आहे. हे मुलाला कळलं की त्याची मान कशी ताठ होते ते बघ एकदा.

त्या तासाला गोंगाट होता, असं तू अपराध्यासारखं लिहिलंयस. कामाचा आवाज आणि रिकामपणाचा आवाज कानाला वेगळे लागतात. भाजी बाजारातला गलबला आणि वरात यायची वाट बघणाऱ्या मांडवातला गलबला यांत जो फरक, तोच. थोड्या दिवसांत तुझा कान तयार होईल. तोवर एक साधी खूण सांगते. मुलं कोणत्या विषयावर बोलतायत ते दोन बाकांजवळ उभं राहून ऐक. कूलरबद्दल बोलत असतील तर बोलू दे.

पुढच्या टाचणात ‘विद्यार्थी कृती’ आधी लिही. तो रकाना भरल्याशिवाय शेजारच्या रकान्याला पेन लावायचं नाही. प्रत्येक ओळीत मुलाच्या हाताला, डोळ्याला किंवा तोंडाला काम दे, आणि ते झालं की नाही हे तुला दिसेल असं दे. तुझाच घटक घे. वहनासाठी फळ्यावर एवढंच लिही, “उकळत्या चहाच्या गंजात स्टीलचा चमचा आणि लाकडी पळी ठेवली. दोन मिनिटांनी कशाला हात लावाल? का? दोन ओळी लिहा.” अभिसरणासाठी, “आई कुकर न लावता गंजात डाळ शिजवते तेव्हा डाळीचे दाणे कुठून कुठे जातात? चित्र काढा, बाण दाखवा.” प्रारणासाठी, “मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हातल्या स्कूटीच्या सीटवर बसण्याआधी घरची माणसं काय करतात?” या शेवटच्या प्रश्नावर सगळा वर्ग एकदम बोलणार. म्हणून आधी लिहायचं, मग एक मिनिट शेजाऱ्याला सांगायचं आणि मगच हात वर करायचा, हा क्रम ठरवून घे. तक्ते त्यानंतर काढ. तोपर्यंत मुलांना तक्त्याची गरज वाटायला लागलेली असेल.

तुझ्या पाठाची पहिली पाच मिनिटं मला जास्त छळतायत. परदेशातल्या शाळांच्या चित्रफितींत शिक्षक दारात उभा राहून मुलांचं स्वागत करतो. आपल्याकडे मुलं जागेवर असतात आणि शिक्षक वर्ग बदलतात. तू आत जातेस तेव्हा घंटा होऊन दोन-तीन मिनिटं झालेली असतात, आधीचे सर निघून गेलेले असतात, आणि ती जागा पूर्णपणे मुलांची झालेली असते. त्यात तू काय करतेस? टाचणावरून दिसतंच आहे. वार, दिनांक, इयत्ता, तुकडी, विषय, घटक, पट, हजर संख्या, सगळं चौकटीत, सुवाच्य, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात. तोंड फळ्याकडे, पाठ वर्गाकडे. तीन-चार मिनिटं सहज जातात. ‘घेऊन जाय गे मारबत’ त्याच वेळात आलं ना?

हे फलक लेखन चुकीचं नाही, त्याची वेळ चुकली. ती चौकट मधल्या सुटीत भरून ठेव, नाहीतर रोज एका मुलीला किंवा मुलाला ते काम दे. (वळणदार अक्षराच्या मुलीलाच दर वेळी देऊ नकोस. ज्याला फळ्यापर्यंत यायची संधीच मिळत नाही त्याला दे.) तू आत गेलीस की बोलू नकोस, हजेरीही घेऊ नकोस. वरच्यासारखा एक प्रश्न फळ्यावर लिही, तोही अर्धं अंग वर्गाकडे ठेवून, आणि वहीकडे बोट दाखव. पहिल्या दिवशी दहा जण लिहितील. त्या दहांच्या वह्यांजवळ जा, वाच, मान हलव. बाकीच्यांना ओरडू नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी मॅडम आल्या की प्रश्न असतो हे सगळ्यांना ठाऊक होईल आणि वह्या तू येण्याआधी उघडायला लागतील.

१९७० च्या सुमारास जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं खऱ्या वर्गांच्या चित्रफिती तपासल्या. त्याला बघायचं होतं की मुलं वर्गात बिघडली की चांगले शिक्षक काय करतात, कसे रागावतात. त्याला तिथं फरक सापडला नाही. ज्यांचे वर्ग नीट चालत आणि ज्यांचे चालत नसत, ते दोघंही साधारण सारखेच रागावत. फरक होता तो त्याआधीच्या वेळात. चांगले शिक्षक सगळ्या वर्गाला नजरेत धरून असत, गडबड पसरायच्या आधी त्यांना ती कळे, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना ते वर्गाला रेंगाळू देत नसत. तुझ्या वर्गशिक्षिका दारात उभ्या राहिल्या की शांतता होते, ते तुला दिसलं. त्याआधीची त्यांची किती वर्षं त्या दारामागे आहेत ते तुला दिसलेलं नाही. त्यांना विनंती कर आणि त्यांच्या दोन तासांना मागच्या बाकावर जाऊन बस. त्या कशा रागावतात हे टिपू नकोस. आत आल्यावर पहिली पाच मिनिटं काय करतात आणि कोणाचं नाव कधी घेतात, तेवढंच लिहून आण.

नावं. तुझ्या पत्रात ‘मुलं’ आहेत, ‘शेवटच्या बाकावरचा एक मुलगा’ आहे, नाव एकही नाही. कदाचित कोणाची ओळख पटू नये म्हणून गाळली असशील, आणि ते योग्यच. पण तुला स्वतःला ५२ नावं येतात का? हजेरीपटावरून बाकांचा नकाशा कर आणि रोज आठ-दहा पाठ कर. आठवड्यात होतं. “ए, तू, मागचा” यानं मुलगा आणखी मागे सरकतो.

प्रश्न विचारायची तुझी पद्धतही टाचणात दिसते. “समजलं का?” हा प्रश्न पाच ठिकाणी आहे. त्याला एकच उत्तर असतं, “होऽऽ मॅडम,” आणि त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न सगळ्या वर्गाला विचार, थांब, आणि मग एकाचं नाव घे. नाव आधी घेतलंस तर बाकीचे ५१ सुटीवर जातात. किती थांबायचं? मेरी बड रो या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक बाईंना आढळलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारीही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. पण वर्गापुढे उभं राहून मनात ‘एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री’ म्हणून बघ. पहिल्यांदा युग लोटल्यासारखं वाटतं.

घशाचं सांगते. गोंगाटाच्या वर आवाज चढवू नकोस. तू चढवलास की तेही चढवतात, त्याला अंत नाही. थांब. पुस्तक हातात घेऊन मधल्या वाटेनं मागे चालत जा. वाटेत दप्तरं पडलेली असतील, ती पहिल्याच दिवशी बाकाखाली सरकवायला लाव, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत तुला रस्ता राहील. आणि कधी कधी मागून शिकव. वर्गाचा शेवट कोणता हे मग मुलांना नक्की सांगता येत नाही.

आता त्या मुलाबद्दल. इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती आठवली की अजूनही मनाला लागते.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. पुस्तकाचं वाचन सुरू झालं की बोटांच्या पेरांनी बाक वाजवायचा. लयीत, भजनात ढोलकी वाजवतात तसा. मी त्याला शिक्षा म्हणून उभं करायची आणि पुढचा परिच्छेद वाचायला सांगायची. तो पुस्तक धरून गप्प उभा राहायचा. वर्ग हसायचा. मी म्हणायची, “बाक वाजवता येतो, वाचता येत नाही का?” मला वाटायचं, लाजेनं सुधारेल. एकदा तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली. कॉटन मार्केटमध्ये पहाटेपासून भाजीच्या गाड्यांवर काम करून थेट शाळेत आली होती, लुगड्याला माती होती. म्हणाली, “मॅडम, त्याले वाचता येतच नाई. तो शरमते. त्याले वाचाले नका लावू, मारा पाहिजे तं.”

मारा पाहिजे तर. एक आई मला असं म्हणाली. जुलैपासून दिवाळीपर्यंत तो माझ्यासमोर बसत होता, त्याच्या वह्या मी तपासत होते, प्रगतिपुस्तकात ‘खोडकर’ लिहून मोकळी झाले होते. आणि त्याला जोडाक्षरं येत नव्हती हे मला कळलं नव्हतं. वाचनाच्या वेळी बाक वाजला की मॅडम रागावतात, आणि रागावणं हे वाचण्यापेक्षा बरं, एवढा सरळ हिशेब त्यानं मांडला होता. मी तर त्याला नेमकं त्याच जागी उभं करत होते.

त्यानंतर मधल्या सुटीत रोज पंधरा मिनिटं आम्ही दुसरीचं पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या मागच्या पायरीवर बसायचो, वर्गातल्या कोणाला दिसणार नाही अशा जागी. फार मोठा चमत्कार झाला नाही. वर्षाच्या शेवटी तो सातवीचं पुस्तक अडखळत वाचायचा. पण बाक वाजणं महिन्याभरातच थांबलं होतं.

तुझा मुलगाही असाच असेल, असं मी म्हणत नाही. कदाचित तो उत्तम वाचतो आणि तुझा पाठ त्याला कंटाळवाणा होतो. कदाचित त्याला फक्त हशा हवा असतो, वर्गातली दुसरी कोणतीच जागा त्याच्या वाट्याला आलेली नसेल म्हणून. यातलं काय ते तुला शोधावं लागेल, आणि वर्गासमोर ते कधीच सापडणार नाही. त्याची वही घरी घेऊन जा आणि शांतपणे बघ. अक्षर कसं आहे, कुठे वाक्य अर्धं सुटलंय, आकृत्या कशा आहेत. नकला करणाऱ्या मुलाचं निरीक्षण तीक्ष्ण असतं. तो तुझी चाल उचलतो म्हणजे तासभर तो तुझ्याकडेच बघत असतो. ‘लक्षपूर्वक’ हा शब्द तुझ्या टाचणात ज्याला खरोखर लागू पडतो असा तो कदाचित एकटाच असेल.

त्या वाक्याचा तुला झालेला अपमानही मला कळतो. मागे मॅडम बसलेल्या, हातात खडू, आणि मारबतीला उद्देशून म्हणायचं वाक्य तुझ्या पाठीवर. पण दिवस कोणता होता ते बघ. आदल्या दिवशी ही सगळी पोरं महाल-इतवारीच्या गर्दीत असणार, काळी आणि पिवळी मारबत बघायला, बडग्यांच्या पुतळ्यांवर ओरडायला. रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणून अख्खं शहर रस्त्यावर गळा फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गळ्यांनी प्रारणाची व्याख्या ऐकायची. त्या दिवशी जगातल्या कोणत्याही शिक्षकाचा पाठ अवघडच गेला असता. अशा दिवशी पहिली पाच मिनिटं सण वर्गात येऊ द्यावा. “कोणी कोणी पाहिली? कुठून? या वर्षी बडगे कशाचे होते?” हे बोलून झालं की मग मुलं आपल्याकडे येतात. दिवाळीनंतर, शहरात मोठी मॅच झाल्यावर, पहिल्या मोठ्या पावसानंतरही असंच कर.

पट्टीबद्दल फार लिहीत नाही. तू ती उचलली नाहीस, तिथंच तू मला आवडलीस. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे, हे तुला अभ्यासक्रमात आलंच असेल. यातला दुसरा भाग आपण विसरतो. ‘बाक वाजवता येतो, वाचता येत नाही का’ हे त्या दुसऱ्या भागात बसतं, आणि ते बोलणारी मी होते. वर्गशिक्षिकांशी यावर वाद घालू नकोस. तुला आणखी काही आठवडे त्यांच्याच वर्गात काढायचे आहेत. पट्टी त्यांच्या कपाटात परत ठेव आणि म्हण, “मॅडम, मला हिच्याशिवाय जमतंय का ते बघू द्या. तुम्ही पहिल्या वर्षी काय करत होता ते सांगा ना.” बहुतेक त्या सांगतील. आमच्यापैकी प्रत्येकीचं एक पहिलं वर्ष असतं.

कॉलेजच्या मॅडमकडे मात्र परत जा. “वर्ग नियंत्रण नाही” या तीन शब्दांवर तुला काही करता येणार नाही. त्यांना विचार, वर्ग कितव्या मिनिटाला सुटला, तेव्हा मी कुठे उभी होते, मुलांना काय करायला सांगितलं होतं. सूक्ष्म अध्यापनात तुम्ही हेच करता. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा पाठ आणि पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटं. तिथं आठ-दहा मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसतात आणि त्यातली एकही मारबत म्हणत नाही, हा त्या पद्धतीचा कच्चा दुवा. पण एका वेळी एकच कौशल्य उचलायचं आणि लगेच सुधारून पुन्हा करून बघायचं, ही तिची खोड फार चांगली आहे. ती शाळेत सोबत ने. एक आठवडा फक्त पहिली पाच मिनिटं. दुसरा आठवडा फक्त प्रश्न विचारून थांबणं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये दुसऱ्या वर्षाला सोळा आठवड्यांची आंतरवासिता ठेवली आहे. आमच्या वेळी मोजून सराव पाठ घेतले की सुटका होत असे. तुला चुकायला आणि दुरुस्त करायला वेळ मिळालाय, तो सगळा वापर.

दैनंदिनीतही ‘आज मुलं ऐकत नव्हती’ किंवा ‘पाठ चांगला झाला’ असं लिहू नकोस. तीन गोष्टी लिही. आवाज कितव्या मिनिटाला वाढला. त्या क्षणी माझ्या हातात काय होतं. त्या क्षणी मुलांच्या हातात काय होतं. आठ दिवसांनी ती पानं एकत्र वाच. आणि कूलरच्या तासाचं पान पुन्हा लिही. नियोजनाप्रमाणे झाला नाही हे खोडू नकोस, ते खरं आहे. त्याच्याखाली मुलं काय काय म्हणाली ते आठवेल तेवढं उतरव, त्यांच्याच शब्दांत, ‘चिपचिप’ आणि ‘करून राहिले’ सकट. वर्गात त्यांची बोली दुरुस्त करायची घाई करू नकोस. बाष्पीभवन हा शब्द त्यांच्याकडे नंतर येतो, आधी ताट्या येतात.

तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या, आज पालघर जिल्ह्यात येणाऱ्या कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा गुरं राखणारी मुलं शाळेत येत नव्हती. मग त्यांनी शाळा कुरणात नेली, मुलं जिथं गुरं चारत तिथंच. ती कुरणशाळा झाली. हे उदाहरण तुझ्यासाठी फार मोठं वाटेल, पण पावसाळ्यातला कूलर वर्गात आणताना तू तेच केलंस, एका तासापुरतं.

उद्या शाळेत गेलीस की मधल्या सुटीत त्या मुलाला गाठ. व्हरांड्यात, एकट्याला. माफी मागायला लावू नकोस, त्या दिवसाचा विषयही काढू नकोस. त्याच्या नावानं हाक मार आणि विचार, मारबतीच्या मिरवणुकीत तू कुठे उभा होतास, तिथून काय काय दिसलं? आणि तो सांगायला लागला की घड्याळाकडे बघू नकोस.

तुझी,
मॅडम